तगून राहण्याचे गणित : हिवाळी अरण्यातील संगणकीय खेळ आणि पानिपतची छावणी (१७६०-६१)

प्रस्तावना

मराठी भाषेत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार सर्वनाश या अर्थाने रूढ झाला आहे. या वाक्प्रचारात १४ जानेवारी १७६१ हा एकच दिवस सामावलेला आहे. सकाळी युद्धाला तोंड लागले, गारद्यांच्या तोफांनी आरंभी शत्रूची फळी खिळखिळी केली, दुपारी विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि संध्याकाळपर्यंत सर्व संपले, अशा क्रमाने ही कथा वर्गात सांगितली जाते, कादंबरीत वाचली जाते आणि रंगभूमीवर व पडद्यावर पाहिली जाते. परंतु त्या दिवसापूर्वी मराठ्यांची छावणी सुमारे अडीच महिने उत्तरेच्या हिवाळ्यात एका जागी अडकून पडली होती. या काळात अन्न, वैरण, सरपण आणि ऊबदार वस्त्र यांचा साठा दिवसागणिक घटत होता. लढाईच्या दिवसाचा निकाल बऱ्याच अंशी या अडीच महिन्यांत लागत गेला. असे असूनही या काळाच्या वाट्याला सामान्यतः एखादा परिच्छेदच येतो.

दुसरीकडे, गेल्या पन्नास वर्षांत संगणकीय खेळांचा एक प्रकार विकसित झाला आहे, ज्याचा विषयच मुळी घटत जाणारा साठा हा आहे. या खेळांत शत्रूवर विजय मिळवणे दुय्यम असते. ऊब, अन्न, पाणी आणि विश्रांती यांचा मेळ घालून आणखी एक दिवस जगणे हे खेळाडूचे उद्दिष्ट असते. महाविद्यालयात येणारा आजचा विद्यार्थी या खेळांशी परिचित आहे. त्याला शिकवणारा अध्यापक बहुधा नाही. ही दरी लक्षात घेऊन प्रस्तुत निबंधात हिवाळी अरण्यातील खेळांची नियमव्यवस्था तपासली आहे आणि तिच्या प्रकाशात पानिपतच्या छावणीचा इतिहास कितपत उजळतो व कोठे झाकोळतो, याचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. तगून राहण्याच्या संगणकीय खेळांचा उगम व त्यांची नियमव्यवस्था समजून घेणे.
२. या नियमव्यवस्थेच्या आधारे पानिपतच्या छावणीतील टंचाईचा पुनर्विचार करणे.
३. खेळातील तगणे आणि इतिहासातील तगणे यांतील मूलभूत भेद स्पष्ट करणे.
४. इतिहासाच्या अध्यापनात या तुलनेचा उपयोग व तिच्या मर्यादा सुचवणे.

खेळाचा नियम आणि विचार

खेळाचे नियम हे केवळ करमणुकीचे साधन नसते. त्यांत जगाविषयीचा एक विचार गोठवलेला असतो, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. परंपरेने ज्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडला आहे, त्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या माणसाला वर नेतात आणि दुर्गुणांचे साप त्याला खाली आणतात. कवड्यांचे दान आणि सोंगट्यांची चाल यांतून कर्म व मोक्ष यांचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान लहान मुलाच्या हाती दिले जाते. तेथे कोणी उपदेश करीत नाही. नियम पाळता पाळता खेळणारा तो विचार आत्मसात करतो.

हेच सूत्र संगणकीय खेळांना लागू पडते. या संदर्भात इतिहासाच्या अध्यापकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी एक घटना १९७१ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात घडली. इतिहासाचे प्रशिक्षणार्थी शिक्षक डॉन रॉविच यांना एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या वसाहतकारांचा प्रवास वर्गात शिकवायचा होता. त्यांनी बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने 'द ओरेगॉन ट्रेल' हा खेळ तयार केला. तेव्हा संगणकाला पडदाही नव्हता. दूरमुद्रकाच्या कागदावर उमटणारी वाक्ये वाचून विद्यार्थी निर्णय देत असत. १८४७ सालचा प्रवासी कल्पून विद्यार्थ्याला गाडी विकत घेतल्यानंतर उरलेले ७०० डॉलर बैल, अन्न, दारूगोळा, कपडे आणि किरकोळ सामान यांत वाटून घ्यावे लागत. कपड्यांवर कमी खर्च करणाऱ्याला डोंगरातील थंडीत त्याची किंमत मोजावी लागे. पुढे १९७४ च्या सुमारास रॉविच यांनी प्रत्यक्ष प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून आजार, वादळ, अपघात इत्यादी प्रसंगांची संभाव्यता सुधारली.

याचा अर्थ असा की तगून राहण्याच्या संगणकीय खेळाची एक महत्त्वाची सुरुवात इतिहासाच्या वर्गात झाली आणि तिच्या मुळाशी अस्सल साधनांचे वाचन होते. त्याच वेळी या खेळाचा दोषही याच ठिकाणी आढळतो. रोजनिश्या वसाहतकारांच्या होत्या. म्हणून खेळातील प्रवासही वसाहतकारांचाच राहिला. ज्यांच्या भूमीतून ती वाट जात होती, ते मूलनिवासी समाज त्यात वाटेवरील प्रसंग म्हणूनच उरले. २०२१ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती करताना मूलनिवासी समाजाच्या इतिहासकारांचे साहाय्य घेण्यात आले, ते या उणिवेची जाणीव झाल्यामुळेच. साधनांचा पक्षपात नियमांत उतरतो आणि नियम बनल्यावर तो नैसर्गिक वाटू लागतो, हा धडा येथून घेता येतो.

हिवाळी अरण्याची नियमव्यवस्था

१९९२ मध्ये फिनलंडमधील सामी मारानेन यांनी लोहयुगीन उत्तरेकडील जीवनावर आधारलेला 'अनरिअल वर्ल्ड' हा खेळ प्रसिद्ध केला. शिकार, मासेमारी, कातडी कमावणे, निवारा उभारणे आणि दीर्घ हिवाळ्यासाठी अन्न साठवणे हा त्याचा गाभा होता. या प्रकाराचे सर्वांत काटेकोर रूप मात्र कॅनडातील हिंटरलँड या संस्थेच्या 'द लाँग डार्क' या खेळात दिसते. रफाएल व्हॅन लीरोप यांच्या कल्पनेतून साकारलेला हा खेळ सप्टेंबर २०१४ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण स्वरूपात उपलब्ध झाला. भूचुंबकीय वादळामुळे सर्व विद्युत साधने निकामी झालेली आहेत आणि खेळाडू उत्तर कॅनडातील एका काल्पनिक बेटावर ऐन हिवाळ्यात एकटा सापडला आहे, अशी त्याची मांडणी आहे.

या खेळाची नियमव्यवस्था चार गरजांवर उभी आहे : ऊब, विश्रांती, पाणी आणि अन्न. यांपैकी कोणतीही गरज शून्यावर आली की शरीराची एकूण स्थिती खालावू लागते. मात्र चारही गरजांची निकड सारखी नाही. थंडी काही तासांत जीव घेते. तहान आणि भूक यांना त्याहून बराच अधिक अवधी लागतो. त्यामुळे अनुभवी खेळाडूचा क्रम ठरलेला असतो. प्रथम वाऱ्यापासून आडोसा, नंतर विस्तव, नंतर बर्फ वितळवून व उकळून घेतलेले पाणी आणि सर्वांत शेवटी अन्न.

प्रत्येक कृतीला किंमत आहे. चालताना, लाकूड तोडताना, झोपेत असतानासुद्धा उष्मांक खर्च होतात. कपड्यांची ऊब, त्यांची वारा अडवण्याची क्षमता, ओलेपणा आणि वजन यांचा स्वतंत्र हिशेब ठेवला जातो. सुमारे ३० किलोपेक्षा अधिक ओझे घेतले की चाल मंदावते व थकवा वाढतो. सरपणासाठी बाहेर पडावे तर ऊब जाते आणि लांडग्यांची भीती असते. आत बसून राहावे तर विस्तव विझतो. कच्चे मांस सोबत बाळगले तर त्याच्या वासाने श्वापदे मागावर येतात. दीर्घकाळ आतच कोंडून घेणाऱ्यालाही दंड आहे : त्याला कोंडलेपणाचा मानसिक विकार जडतो आणि काही काळ त्याला छपराखाली झोपता येत नाही. मृत्यू आल्यास तो अंतिम असतो. साठवून ठेवलेला खेळ पुसला जातो आणि आरंभापासून सुरुवात करावी लागते.

या व्यवस्थेत खेळाडूंनी शोधून काढलेली एक युक्ती विशेष उद्बोधक आहे. उपासमारीने होणारी हानी तुलनेने मंद असल्याने दिवसभर उपाशी राहावे आणि झोपण्यापूर्वीच थोडे खावे, म्हणजे झोपेत शरीर भरून निघते व अन्नाची मोठी बचत होते, असे त्यांच्या लक्षात आले. नियमांच्या चौकटीत उपासमार हा तोट्याऐवजी फायद्याचा व्यवहार ठरला. पुढे निर्मात्यांनी सलग काही दिवस पोटभर खाणाऱ्यास अधिक ओझे वाहण्याची शक्ती देणारा नियम घातला आणि ही युक्ती अनाकर्षक केली. ज्या ठिकाणी भूक हा केवळ एक आकडा असतो, तेथे तिच्याशी सौदा करता येतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. खऱ्या शरीराशी आणि खऱ्या छावणीशी असा सौदा फार दिवस चालत नाही.

पानिपतची छावणी : घटत्या साठ्याचा इतिहास

या पार्श्वभूमीवर पानिपतच्या मोहिमेकडे पाहिल्यास काही गोष्टी ठळक होतात. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये परतूडहून निघालेल्या मोहिमेत लढवय्यांबरोबर कुटुंबे, नोकरचाकर, व्यापारी, बाजारबुणगे आणि तीर्थयात्रेच्या ओढीने आलेले यात्रेकरू यांचा मोठा समुदाय होता. नेमक्या संख्येबाबत साधनांत व अभ्यासकांत एकमत नाही. परंतु न लढणाऱ्या तोंडांचा भार लढणाऱ्यांपेक्षा अधिक होता, याविषयी सर्वसाधारण सहमती आहे. 'द ओरेगॉन ट्रेल'मध्ये प्रवासाच्या आरंभी करावयाची सामानाची वाटणी पुढच्या सर्व संकटांचे स्वरूप ठरवते. पानिपतच्या मोहिमेतही जड तोफखाना, तंबू-डेरे आणि आश्रितांचा समुदाय यांनी पुढील चाल आधीच बांधून टाकली होती.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, पण तिच्यातून पैसा व धान्य फारसे मिळाले नाही. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतल्यावर अब्दालीसाठी साठवलेले धान्य हाती पडले आणि काही काळ चणचण दूर झाली. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो छावणी व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. दक्षिणेकडे जाणारी वाट बंद झाली. नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही सैन्ये पानिपतच्या परिसरात समोरासमोर ठाकली आणि मराठ्यांनी खंदक खणून मोर्चे बांधले.

या घटकेपासून छावणीचे जीवन हे साठ्याचे जीवन झाले. पतियाळ्याच्या आलासिंग जाटाकडून येणारी रसद काही काळ आधार देत राहिली. पुढे अफगाण गस्तीमुळे तीही आटली. ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती. डिसेंबरमध्येच अचानक पडलेल्या छाप्यात ते मारले गेले. यानंतर रोहिलखंडातून अब्दालीकडे जाणारा पुरवठा निर्वेध झाला. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून खजिना घेऊन येणारी तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून शत्रूच्या तळात शिरली आणि बहुतेक कापली गेली. पैसा संपला, धान्य संपत आले आणि बातमीचे मार्गही तुटले.

येथे खेळातील एक नियम इतिहासातील एका दुर्लक्षित प्रसंगाकडे लक्ष वेधतो. रात्री सरपण व वैरण आणण्यासाठी छावणीबाहेर पडलेल्या माणसांची अफगाण गस्तीने मोठ्या संख्येने कत्तल केली, अशी नोंद काशीराज पंडिताच्या वृत्तांतात आहे. काशीराज अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या सेवेत होता आणि त्याने सुमारे वीस वर्षांनी फारसीत हा वृत्तांत लिहिला, त्यामुळे त्यातील आकडे सावधपणे घ्यावे लागतात. तथापि प्रसंगाचे स्वरूप विश्वसनीय आहे. सामान्यतः तो शत्रूच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. सरपणाच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचा वेगळा अर्थ लागतो. माणसे जिवावर उदार होऊन लाकडासाठी बाहेर पडली, याचा अर्थ आत राहणेही तितकेच असह्य झाले होते. जानेवारीत पानिपत परिसरात रात्रीचे तापमान आजही दहा अंशांच्या बरेच खाली जाते. दख्खनच्या हवेला सरावलेल्या आणि पुरेशी लोकरी वस्त्रे नसलेल्या माणसांना विस्तवावाचून रात्र काढणे कठीण होते. अफगाण सैनिक मात्र कातडी व लोकरी पोशाखात होते. धान्य असले तरी ते शिजवण्यास सरपण लागते, हेही विसरता येत नाही. ऊब, अन्न आणि सुरक्षितता यांचे प्रश्न वेगवेगळे नव्हते. एकातून दुसरा उद्भवत होता.

हाच विचार जनावरांना लागू होतो. वैरण संपल्यावर घोडी व बैल मरू लागले. घोडदळाची गती हे मराठ्यांच्या युद्धतंत्राचे बळ. ते बळ रणांगणावर हरण्यापूर्वी दावणीत हरले. मेलेल्या जनावरांच्या दुर्गंधीने छावणीतील जगणे आणखी अवघड केले. अखेरीस दोन दिवस अन्न मिळालेले नाही, उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू द्यावे, अशी विनवणी सरदारांनी व सैनिकांनी भाऊसाहेबांकडे केली, असे काशीराज नोंदवतो. १४ जानेवारीची लढाई ही त्या विनवणीनंतरची आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात या मोहिमेची भूगोल, हेतू व व्यूह यांच्या आधारे जी पुनर्मांडणी केली, तिच्यामुळे पानिपतची चर्चा व्यक्तिदोषांच्या पलीकडे गेली. साठ्याच्या अंगाने केलेला विचार त्याच दिशेने एक पाऊल पुढे नेता येतो.

खेळाच्या गणितात न बसणारे वास्तव

येथवर खेळाची नियमव्यवस्था उपयोगी ठरली. मात्र याच टप्प्यावर तिच्या मर्यादा स्पष्ट होतात. त्यांतील तीन मर्यादा महत्त्वाच्या आहेत.

पहिली मर्यादा निर्णय घेणारा आणि भोगणारा यांच्यासंबंधी आहे. खेळात निर्णय घेणारा आणि उपाशी राहणारा हा एकच असतो. आपल्या साठ्याचा आकडा त्याला अचूक दिसतो. छावणीत मात्र तसे नव्हते. तळ कोठे द्यावा, किती काळ थांबावा, वाटाघाटी चालू ठेवाव्यात की नाही, हे डेऱ्यात ठरत होते. सरपणासाठी अंधारात जाणारा माणूस त्या डेऱ्यात नव्हता. धान्य कमी पडते तेव्हा ते प्रथम कोणाचे कमी पडते, हा प्रश्न खेळात उद्भवतच नाही. इतिहासात तोच मुख्य प्रश्न असतो. सरदार, शिलेदार, पागेतील नोकर, बाजारातील मजूर आणि यात्रेला आलेली वृद्ध स्त्री यांच्या वाट्याची भूक सारखी नव्हती. आपल्या साधनांत पहिल्यांचा आवाज आहे, शेवटच्यांचा जवळजवळ नाही. 'द ओरेगॉन ट्रेल'च्या संदर्भात उल्लेखिलेला साधनांचा पक्षपात येथेही तितकाच खरा आहे.

दुसरी मर्यादा एकटेपणाची आहे. 'द लाँग डार्क'मधील तगून राहण्याच्या प्रकारात खेळाडूखेरीज जिवंत माणूस नाही. आढळतात ती गोठलेली प्रेते. पानिपतनंतर जे तगले, ते मात्र बहुतांशी दुसऱ्या माणसांमुळे. जखमी महादजी शिंद्यांना राणेखान या भिस्त्याने वाचवले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. मोहीम सोडून गेलेल्या सूरजमल जाटाने आपल्या मुलखात पोहोचलेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र व उपचार दिले. आईला व पत्नीला घेऊन यात्रेच्या हेतूने मोहिमेबरोबर गेलेल्या, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या नाना फडणीसांनी आपल्या आत्मवृत्तात पलायनाची कथा सांगितली आहे. श्रीमंतीची खूण म्हणून जीवघेणी ठरलेली वस्त्रे टाकून देऊन ते उपाशीपोटी, लपतछपत पायी चालत राहिले आणि वाटेत भेटलेल्यांच्या आश्रयाने रेवाडीपर्यंत पोहोचले. त्यांची आई या प्रलयात हरवली. खेळात वस्त्र टाकणे म्हणजे ऊब गमावणे. नानांच्या बाबतीत थंडीच्या दिवसांत वस्त्र टाकणे हाच जगण्याचा उपाय ठरला. समाज मधे आला की वस्तूचे मूल्यच बदलते, हे यावरून दिसते.

तिसरी मर्यादा मृत्यूच्या स्वरूपाची आहे. खेळातील मृत्यू निश्चित असतो. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी मात्र मागे राहिलेल्यांच्या मनात शंका उरली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परत आल्या. पती जिवंत आहेत या श्रद्धेने त्यांनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे टाकली नाहीत, असे सांगितले जाते. या अनिश्चिततेतूनच भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण उभे राहिले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्याला त्रास देत राहिले. पंधरा वर्षे एक राज्य एका माणसाच्या मृत्यूची खात्री करू शकले नाही. जे अनामिक होते, त्यांच्या घरी तर कोणतीच वार्ता पोहोचली नसणार. तगून राहण्याचा इतिहास हा मागे राहिलेल्यांच्या प्रतीक्षेचाही इतिहास असतो. येथे पाहिलेल्या खेळांच्या नियमांत या प्रतीक्षेला स्थान नाही.

सामूहिक ज्ञान : मोरा बंदराचे उदाहरण

तगणे हे सामूहिक असते, हे समजण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. नवी मुंबईलगत उरण तालुक्यातील मोरा बंदर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचचा थांबा म्हणून सर्वांना परिचित आहे. मोरा, करंजा आणि आसपासच्या कोळीवाड्यांतील मच्छीमारांचे जीवन मर्यादित साठ्याच्या हिशेबावरच चालते. समुद्रावर निघालेल्या होडीत बर्फ, डिझेल, गोडे पाणी आणि शिधा किती घ्यावा, हे ठरवताना प्रत्येक वस्तू दुसरीची जागा अडवते. बर्फ कमी पडला तर मासळी खराब होते. बर्फ जास्त घेतला तर मासळीची जागा कमी होते. किती दिवस थांबायचे आणि केव्हा मागे फिरायचे, हा निर्णय तांडेलाचा असला तरी त्यामागे पिढ्यानपिढ्यांचे वारा, भरती-ओहोटी आणि ऋतू यांचे ज्ञान असते.

त्याहून महत्त्वाचा आहे तो पावसाळ्याचा काळ. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या दिवसांची तरतूद उन्हाळ्यातच सुरू होते : बोंबील, सुकट, जवळा वाळवून ठेवले जातात. ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होऊन नवा हंगाम मानला जातो. साठा, संयम, ऋतूची मर्यादा आणि तिच्या समाप्तीचा सण अशी ही एक संपूर्ण व्यवस्था आहे. खेळात खेळाडू ज्या गोष्टी स्वतः चुका करून शिकतो, त्या येथे घराघरांतून शिकवल्या जातात. पानिपतच्या छावणीची शोकांतिका या तुलनेत अधिक स्पष्ट होते. त्या समुदायाजवळ दख्खनच्या ऋतूंचे व वाटांचे पिढीजात ज्ञान होते, परंतु ज्या प्रदेशात तो अडकला त्या प्रदेशातील हिवाळ्याचे नव्हते आणि ते ज्ञान ज्यांच्याजवळ होते त्या स्थानिक समाजाशी त्याचे नाते घट्ट नव्हते.

अध्यापनविषयक विचार

प्रस्तुत विवेचनाचा वर्गातील उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो. त्यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गातील विद्यार्थ्यांची सरदार, शिलेदार, पागेचा नोकर, बाजारातील वाणी, यात्रेकरू अशी विभागणी करावी. नोव्हेंबर १७६० पासून एकेक आठवड्याची स्थिती सांगत धान्य, वैरण व सरपण यांचा साठा कमी करत न्यावा आणि वाटणी कशी करावयाची हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. निर्णयाचा अधिकार मात्र सरदारांच्या गटालाच असावा. थोड्याच वेळात 'किती उरले' या प्रश्नाची जागा 'कोणासाठी उरले' हा प्रश्न घेईल आणि तेथून साधनांच्या वाचनाकडे वळता येईल : काशीराज कोणाच्या बाजूने लिहितो, नाना फडणीसांना काय दिसले, सरपण आणणाऱ्याविषयी कोण लिहिते?

दुसरा उपयोग सावधगिरीचा आहे. खेळ पुन्हा खेळता येतो. म्हणून खेळाची सवय असलेला विद्यार्थी इतिहासाकडेही 'असे केले असते तर' या दृष्टीने पाहतो. कुटुंबे मागे ठेवली असती, डिसेंबरमध्येच चाल केली असती, होळकरांचा गनिमी काव्याचा सल्ला ऐकला असता, अशा पर्यायांची चर्चा उपयुक्त असली तरी तिच्यात एक धोका आहे. निर्णय घेणाऱ्याला त्या क्षणी किती माहिती होती, हे विसरले जाते. खेळाडूला साठ्याचा आकडा दिसतो आणि मागील पराभव आठवतो. भाऊसाहेबांना रसदीची वाट कधी तुटेल हे ठाऊक नव्हते. नकाशा समोर असलेल्याने नकाशा नसलेल्याला मूर्ख ठरवणे हा इतिहासाचा अभ्यास नव्हे, याची जाणीव विद्यार्थ्यांना करून देणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. तगून राहण्याच्या संगणकीय खेळांचा एक महत्त्वाचा उगम इतिहासाच्या अध्यापनात आहे. त्यामुळे हे खेळ इतिहासाच्या अभ्यासकाला परके मानण्याचे कारण नाही.

२. ऊब, अन्न, पाणी, विश्रांती आणि ओझे यांचा परस्परसंबंध दाखवणारी हिवाळी खेळांची नियमव्यवस्था पानिपतच्या छावणीतील अडीच महिन्यांकडे लक्ष वेधते. सरपण व वैरण यांसारख्या दुय्यम मानलेल्या गोष्टी त्या दृष्टीने निर्णायक ठरतात.

३. निर्णय घेणारा व भोगणारा यांतील अंतर, परस्परांच्या आधारावर होणारे जगणे आणि मृत्यूची अनिश्चितता या तीन गोष्टी खेळाच्या गणितात बसत नाहीत. इतिहासाचे खरे क्षेत्र याच ठिकाणी सुरू होते.

४. साधनांतील मौन हे नियमांतही मौन म्हणून उतरते. म्हणून कोणताही खेळ, कथा किंवा पाठ्यघटक वर्गात आणताना त्यात कोणाची भूक मोजली आहे आणि कोणाची नाही, हे तपासणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

पानिपतच्या रात्री लाकडाच्या मोळीसाठी खंदकाबाहेर गेलेल्या माणसाचे नाव कोणत्याही साधनात नाही. त्याचे नाव आता मिळणार नाही. परंतु तो का बाहेर पडला, हे समजून घेता येते आणि १४ जानेवारीची कथा सांगताना त्याच्यापासून सुरुवात करता येते. तसे झाल्यास 'पानिपत होणे' या वाक्प्रचारात एका दिवसाच्या पराभवाबरोबर त्याआधीच्या अडीच महिन्यांच्या जगण्याचाही समावेश होईल.